चाळिशीतली ‘मुले’

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्या मंडळात दरवर्षी एखाद्या नामवंत वक्त्याचे व्याख्यान होते. यंदा चिटणीसबाईंनी माझ्यासारखीला, जिला व्यासपीठापेक्षा कामाच्या टेबलाशी अधिक परिचय आहे, बोलावले. मला व्याख्यान देता येत नाही. प्रौढ मतिमंदांच्या एका कार्यशाळेत मी २२ वर्षे काम करीत आहे. तेथे जे पाहिले आणि करता करता जे उमजले, तेवढेच आपणांपुढे ठेवते. आजच्या आनंदाच्या दिवशी विषय जड वाटेल. परंतु आपल्या नात्यात, वाड्यात किंवा गल्लीत असे एखादे घर बहुतेकींच्या माहितीचे असते. तेव्हा तो आपल्याला परका नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. मतिमंदत्व म्हणजे वेड नव्हे. मनाचा आजार धडधाकट माणसाला कोणत्याही वयात जडू शकतो आणि औषधोपचाराने तो पुष्कळदा बराही होतो. मतिमंदत्व ही बुद्धीच्या वाढीतली कमतरता आहे. ती जन्मापासून किंवा लहानपणापासून असते आणि तिच्यावर गोळी नाही. शिकण्याचा वेग कमी असतो, पण शिकणे थांबलेले नसते. हा फरक कायद्यालाही फार उशिरा कळला. १९१२ सालच्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्यात वेडाच्या व्याख्येतच मतिमंदांनाही कोंबले होते. १९८७ सालचा मानसिक आरोग्य कायदा आला, तेव्हा कुठे त्यांना त्या व्याख्येतून वगळले. २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ असा शब्द आहे. तो अधिक सन्मानाचा आहे खरा. परंतु घरोघरी अजून जुनाच शब्द चालतो, म्हणून आज मीही तोच वापरते. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात अशा सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद झाली.

या १५ लाखांत लहान मुलेही आली आणि मोठी माणसेही आली. मला आज मोठ्या माणसांविषयी बोलायचे आहे, कारण त्यांचा विसर आपल्याला चटकन पडतो.

आमच्याकडे येणारा पाहुणा हमखास विचारतो, “किती मुले आहेत आपल्याकडे?” मी सांगते, “अडतीस माणसे आहेत.” मग ते आत येतात आणि पिकलेल्या मिशांचे एक गृहस्थ टेबलाशी बसून वाती वळताना दिसले की चपापतात. पाहुण्यांना तरी काय दोष द्यावा? अशा कामातली माणसेही सर्रास ‘आमची मुले’ असेच म्हणतात. त्यात माया असते, हे मी जाणते. परंतु चाळिशीच्या माणसाला मूल म्हटले की त्याच्याशी सगळे वागणेच मुलासारखे होऊ लागते. त्याला न विचारता त्याचे केस बारीक कापतात, सदरा निवडतात, ताटात वाढतात, आणि त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलतात. आईने साठीच्या लेकाला बाळ म्हणावे. तो तिचा हक्क आहे. आपल्याला तो नाही. म्हणून आमच्या कार्यशाळेत आम्ही एक रिवाज पाडला. वयाने मोठ्या असलेल्यांना ‘दादा’, ‘ताई’, ‘काका’ म्हणायचे आणि ‘अहो जाहो’ करायचे. रिवाज अगदी साधा आहे. पण ज्यांना जन्मात कोणी ‘तुम्ही’ म्हटले नव्हते, त्यांची मान त्या एका शब्दाने कशी सरळ होते, ते पाहण्यासारखे असते.

आपल्याकडे या कामाची सुरुवात शाळांपासून झाली. मुंबईत १९४४ साली जय आणि होरमसजी वकील या दांपत्याने आपल्या मुलीसाठी राहत्या घरी शाळा काढली. तीच आजची जय वकील शाळा. पुण्यात १९६४ साली सिंधुताई जोशी यांनी ‘कामायनी’ सुरू केली. नाशिकला १९७७ साली रजनीताई लिमये यांनी ‘प्रबोधिनी’ उभी केली. त्यांचा स्वतःचा मुलगाही मतिमंद होता. पण शाळेत आलेले मूल एक दिवस अठरा वर्षांचे होते. बरोबरीची मुले कॉलेजात जातात, नोकरीला लागतात, त्यांची लग्ने होतात. हा मात्र घरी खिडकीशी बसतो आणि जे शिकला तेही विसरू लागतो. म्हणून शाळांच्या जोडीला कार्यशाळा निघाल्या. पुढे आईबाप थकले, तेव्हा राहण्याचा प्रश्न उभा राहिला. १९९० साली माधवराव गोरे यांच्या पुढाकाराने पालकांनीच एकत्र येऊन ‘आधार’ ही संस्था काढली आणि बदलापूरला प्रौढांच्या निवासाची सोय केली. शाळा, कार्यशाळा, निवास या तीन पायऱ्या आईबापांच्या वाढत्या वयाबरोबर एकेक करून बांधल्या गेल्या आहेत.

आयुष्येही वाढली. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींचे उदाहरण घ्या. अमेरिकेत १९८३ साली त्यांचे आयुर्मान सरासरी २५ वर्षांच्या आसपास होते. आज ते ६० च्या घरात आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया आणि वेळेवर मिळणारी औषधे यांचा हा गुण. पूर्वी पुष्कळदा आईच मुलाच्या मागे उरे. आता मूल आईच्या मागे उरते. ही आनंदाची गोष्ट आहे आणि आईची झोप उडविणारीही तीच आहे.

आता आमच्या कामाविषयी. लोक म्हणतात, “तुम्हांला केवढी सहनशक्ती!” खरे म्हणजे या कामाला सहनशक्तीपेक्षा पद्धत लागते. कोणतेही काम आम्ही आधी तुकड्यांत मोडतो. चहा करणे हे आपल्याला एक काम वाटते; प्रत्यक्षात भांडे घेणे, कपाने पाणी मोजणे, शेगडी पेटविणे, साखर घालणे असे करता करता दहाबारा लहान कामे होतात. त्यांतले कोणते अडते ते पाहायचे आणि तेवढेच शिकवायचे. दुसरी युक्ती अशी की, शेवटची पायरी आधी शिकवायची. सदरा घालायला शिकविताना सगळी बटणे आपण लावावीत आणि शेवटचे तेवढे त्यांना लावू द्यावे. म्हणजे “मी सदरा घातला” हे समाधान पहिल्याच दिवशी त्यांच्या पदरात पडते. मग शेवटची दोन, मग तीन, असे करीत मागे यावे.

आमच्याकडे वातींच्या पुड्या होतात. एका पुडीत ५० वाती. वाती वळणाऱ्या एका ताईंना तीनच्या पुढे मोजता येत नाही. मग आम्ही एका पुठ्ठ्यावर दहा वर्तुळे काढली. प्रत्येक वर्तुळावर एक वात ठेवायची. एकही वर्तुळ रिकामे दिसेनासे झाले की जुडी बांधायची. पाच जुड्यांसाठी तसेच पाच खणांचे खोके केले. गेल्या कित्येक वर्षांत त्या ताईंच्या पुडीत एक वात कमी निघाली नाही की जास्त निघाली नाही. त्यांना अंक आले नाहीत, काम मात्र चोख आले.

तिसरी गोष्ट थांबण्याची, आणि ती सर्वांत अवघड. प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला त्यांना वेळ लागतो. आपण बायका घाईच्या. दोन क्षणांत आपणच उत्तर देऊन मोकळ्या होतो. आमच्याकडे नव्या शिक्षिकेला पहिला धडा हाच देतात, की विचारा आणि मनात दहा आकडे मोजा. हात पुढे करायचा मोह झाला तर तो पदराखाली धरून ठेवा. शिवाय कसे विचारावे यालाही महत्त्व आहे. “चहा की कॉफी?” असे विचारले, तर काही जण शेवटचाच शब्द परत म्हणतात. आपल्याला वाटते, यांना कॉफी आवडते! म्हणून उलटही विचारून पाहावे, “कॉफी की चहा?” किंवा सरळ दोन्ही डबे समोर ठेवावेत. पुष्कळ जण प्रत्येक प्रश्नाला ‘हो’च म्हणतात, कारण ‘हो’ म्हटले की समोरचा खूष होतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलेले असते.

या ‘हो’विषयी मला आपणां भगिनींशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. मतिमंद मुलगी सांगेल ते ऐकते, म्हणून आपण तिची स्तुती करतो. परंतु जी सर्वांचेच ऐकते, ती वाईट माणसाचेही ऐकेल. म्हणून आम्ही मुलींना आणि मुलग्यांनाही ‘नाही’ म्हणायला शिकवितो. घरात भाजी नको म्हटले तर रागावू नका, असे आयांना सांगतो. कारण घरात ज्यांचे ‘नाही’ कधी चालले नाही, त्यांना ते बाहेर कसे सुचणार? अंगाला कोणी कोठे हात लावायचा नाही, आणि लावला तर कोणाला सांगायचे, हे आम्ही चित्रे दाखवून पुन्हा पुन्हा सांगतो. मासिक पाळीचेही तसेच. घडी कशी बदलायची, वापरलेली कागदात कशी गुंडाळायची, हे एकेक पायरी करून शिकविले तर बहुतेक मुली शिकतात. १९९४ साली पुण्यात एका शासकीय गृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांच्या पाळीची स्वच्छता राखणे कठीण जाते, असे कारण सांगण्यात आले. त्या वेळी स्त्रियांच्या संघटनांनीच त्याविरुद्ध आवाज उठविला. पुढे २००९ साली चंडीगडच्या एका निराधार तरुणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ती सौम्य मतिमंद असली तरी तिच्या संमतीवाचून तिचा गर्भपात करता येणार नाही. तिच्या देहाविषयी तिला विचारलेच पाहिजे, हा निर्वाळा आपल्या सर्वांच्याच कामाचा आहे.

जे सांगू शकत नाहीत, त्यांचे दुखणे ओळखणे हाही आमच्या कामाचा मोठा भाग. आमच्याकडचे एक शांत स्वभावाचे दादा एकाएकी टेबल ढकलू लागले, जेवणाचा डबा फेकू लागले. घरच्यांना वाटले, डोके बिघडले. आमच्या एका सहकारी बाईंच्या लक्षात आले की ते डावीकडून घास चावत नाहीत. दाताच्या डॉक्टरांकडे नेले, तेव्हा किडलेली दाढ निघाली. दाढ काढली आणि दादा पूर्ववत झाले. तेव्हा वागणे बदलले की आधी दात, कान, पोट आणि डोळे तपासावेत. डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉइडही तपासावे. आणि त्यांच्यात विस्मरणाचा आजार चाळिशी-पन्नाशीतच सुरू होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे. “हे असेच असतात” या वाक्याने पुष्कळ दुखणी झाकली जातात.

महिनाअखेरीस आमच्याकडे प्रत्येकाच्या हाती मानधनाचे पाकीट पडते. रक्कम थोडकी असते. परंतु एका ताईंनी पहिल्या पाकिटातून काय घेतले, ते सांगते. त्या त्रेचाळीस वर्षांच्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी आल्याच्या वड्या घेतल्या आणि घरी जाऊन आईच्या हातावर ठेवल्या. आईला खोकला होता. ती माउली दुसऱ्या दिवशी मला भेटायला आली आणि म्हणाली, “बाई, त्रेचाळीस वर्षे मीच हिला भरवीत आले. काल प्रथम हिने माझ्यासाठी काही आणले.” मोठेपण म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

आणि मोठेपणाबरोबर दुःखही येते. तेही आपण त्यांच्यापासून लपवितो. एका काकांची आई वारली. नातेवाइकांनी चांगल्या हेतूने त्यांना त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठविले आणि सांगितले, “आई गावाला गेली आहे.” काका रोज संध्याकाळी दारातल्या पायरीवर आईची पिशवी मांडीवर घेऊन बसू लागले. असे चार महिने चालले. जेवण तुटले, कामातले लक्ष उडाले. शेवटी आम्ही त्यांच्या भावाशी आणि भावजयीशी बोललो. भाऊ म्हणाले, “त्याला काय कळणार?” भावजय मात्र म्हणाल्या, “गेली एवढे कळत नसते, तर वाट कशाला पाहिली असती?” मग आम्ही सर्व जण बसलो आणि भावाने अगदी साध्या शब्दांत सांगितले, “आई मेली. तिचे शरीर थांबले. ती आता परत येणार नाही. आपल्या सगळ्यांना वाईट वाटते.” ‘देवाघरी गेली’, ‘झोपली’ असे शब्द मुद्दाम टाळले, कारण घरी गेलेला माणूस परत येतो आणि झोपलेला जागा होतो. काका मोठ्याने रडले. भाऊही रडले, आईसाठी दोघे एकत्र रडले ते त्या दिवशी प्रथम. आता काका रोज सकाळी आईच्या तसबिरीला जास्वंदीचे फूल वाहतात आणि मग कामाला येतात. पायरीवर बसणे थांबले.

हे सांगितले ते अशासाठी, की ‘आमच्या माघारी याचे काय?’ हा प्रश्न प्रत्येक आई उराशी घेऊन वावरते. त्या प्रश्नाचे सगळे उत्तर माझ्याजवळ नाही. पण काही गोष्टी आई असतानाच करून ठेवता येतात. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान होते; मग आईबापांनाही त्याच्या वतीने सही करता येईलच असे नाही. अशा वेळी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे पालक नेमून घेता येतो. त्यासाठी जिल्ह्यात स्थानीय स्तर समिती असते आणि तिच्यावर जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी असतात. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब सादर करायचा, असे बंधन आहे. सरकारी नोकरी केलेल्या आईबापांच्या माघारी, स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या अशा अपत्याला कुटुंबनिवृत्तिवेतन हयातभर मिळण्याची तरतूद आहे. पण त्याचे नाव आपल्या हयातीतच कागदावर लावून ठेवावे. अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड काढून ठेवावे, हे तर सांगायला नकोच.

आणि एक कागद असा आहे, जो कोणत्याही कचेरीत मिळत नाही. आम्ही प्रत्येक आईला एक शंभर पानी वही घ्यायला सांगतो. तिच्यात तिने लिहावे: याला काय आवडते, काय चालत नाही, पोटात दुखले तर हा काय करतो, कोणत्या आवाजाला घाबरतो, दिवा लावून झोपतो की मालवून, कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, कोणत्या शेजाऱ्याकडे आनंदाने जातो. लिहिता येत नसेल तर आपल्यापैकी कोणी तरी तिच्याजवळ बसून लिहून घ्यावे. चाळीस वर्षांचे हे ज्ञान एका आईच्या डोक्यात असते. ती गेली की ते जाते, आणि पुढे सांभाळणाऱ्याला सगळे चाचपडत शोधावे लागते; तोवर त्या माणसाचे हाल होतात.

भगिनींनो, आपल्या मंडळाकडे माझे मागणे थोडेच आहे. अशा आईला हळदीकुंकवाला बोलावताना “त्याला कुठे ठेवून येणार?” असा प्रश्न तिच्यावर टाकू नका. आळीपाळीने कोणी तरी दोन तास त्याच्यापाशी बसा, किंवा त्याला बरोबर आणायला सांगा आणि आल्यावर कोपऱ्यात खुर्ची देण्यापेक्षा हाती काम द्या. अत्तर लावायचे, गुलाबपाणी शिंपडायचे काम तो आनंदाने करील. आमच्या वाती, पणत्या, कागदी पिशव्या अवश्य घ्या, पण दयेने घेऊ नका. वात सैल असेल तर परत करा. त्या ताई ती पुन्हा वळतील. चांगल्या कामाचा मान ज्याला हवा, त्याने वाईट कामाची परतफेडही सोसावी; तीही मोठ्या माणसाचीच वागणूक आहे. रस्त्यात भेट झाली की त्याच्या आईला “कसा आहे हा?” असे विचारण्याऐवजी त्यालाच विचारा, “कसे आहात?” आणि मनात दहा आकडे मोजा. उत्तर येईल. कदाचित शब्दांत येणार नाही, पण येईल.